पाणी किती फुटांवर?

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना 'काय म्हणतोस' असं विचारत नाहीत. 'किती फूट?' एवढंच विचारतात. कशाचे फूट हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शाळेत हे दोन आकडे कुणी शिकवत नाही, तरी भाजीवालीला माहीत असतात, रिक्षावाल्याला माहीत असतात आणि एरवी स्वतःचा मोबाइल नंबर विसरणाऱ्या माझ्या काकालाही पाठ असतात. २०१९ चे ५५ फूट ७ इंच आणि २०२१ चे ५६ फूट ३ इंच तर आम्ही कुस्तीच्या निकालासारखे सांगतो. इंच चुकवलात तर शेजारचा दुरुस्त करतो.

पुढच्या महिन्यात मी जिथं चाललेय तिथले लोक फूट विचारत नाहीत, डोंगर धोक्याच्या कितव्या पायरीवर आहे ते विचारतात. जागा इंडोनेशियातली, जावा बेटाच्या मधोमध. डोंगराचं नाव मेरापी. जवळजवळ २९०० मीटर उंच, शंकूसारखा, आणि जिवंत. मी पुण्यात भूविज्ञानात एम.एस्सी. करतेय. मेरापीजवळच्या एका अभ्यासगटाबरोबर तीन महिने स्वयंसेवक म्हणून राहायचं. सकाळी गेंडोल नदीच्या पात्रात उतरून जुन्या चिखलाच्या थरांची जाडी मोजायची, दुपारी स्थानिक मुलांबरोबर घरोघरी जाऊन लोकांना विचारायचं की धोक्याची सूचना तुमच्यापर्यंत कशी पोचते आणि पोचल्यावर तुम्ही काय करता.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

"पगार किती?"

"नाही. स्वयंसेवक."

"तिकीट?"

"अर्धं ते, अर्धं आपण."

"म्हणजे आपण पैसे भरून ज्वालामुखीजवळ जायाचं." बाबांनी रस्सा भातावर ओतला. "तापमान किती असतंय त्याचं?"

मी म्हटलं, आपल्या दख्खनच्या जातीचा बेसॉल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंशांचा, मेरापीचा त्याहून थोडा कमी. बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, तीस वर्षं ओतकामात गेली. "आमची भट्टी चौदाशेला असते," ते म्हणाले. "तुझा ज्वालामुखी गारच की." आमच्या घरी परवानगी अशीच मिळते. हो कुणी म्हणत नाही, फक्त विषय थोडा थंड होतो.

आईचं वेगळं. तिनं मोबाइलवर शोधलं आणि तिला सापडला मारापी. सुमात्रा बेटावरचा. ३ डिसेंबर २०२३ ला तो अचानक उसळला आणि वर गेलेल्या गिर्यारोहकांपैकी चोवीस जण गेले. मी तिला नकाशा दाखवला. हा मारापी, तो मेरापी. हे बेट वेगळं, ते बेट वेगळं. मध्ये हजाराहून जास्त किलोमीटर. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ असतील." शास्त्रीयदृष्ट्या हे अगदीच चूक नाही. दोन्ही एकाच लांबलचक पट्ट्यावर उभे आहेत, जिथं समुद्रतळाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकत जातो. पण हे तिला सांगून मी माझीच बाजू कशाला दुबळी करू?

आईच्या माहेरी, प्रयाग चिखलीत, मला हे सगळं जास्त सोप्या भाषेत सांगावं लागलं. चिखली म्हणजे जिथं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात आणि पाचवी सरस्वती गुप्त असते असं मानतात. आजोळी ऊस आहे. आज्जाला ज्वालामुखी समजावताना मला गुऱ्हाळ आठवलं आणि खरं सांगायचं तर वर्गात दोन वर्षांत न कळलेली गोष्ट मला स्वतःलाच तिथं कळली.

काहिलीत रस उकळतो तेव्हा सुरुवातीला तो पाण्यासारखा असतो. बुडबुडे येतात, फुटतात, वाफ निघून जाते, कुणाला काही त्रास नाही. मग मळी काढतात, रस आटत जातो, काकवी होते. काकवीचे बुडबुडे जरा थांबून फुटतात. आणि गूळ व्हायला आला की बुडबुडा वर येतो, फुगतो, फुगतच राहतो, त्याला फुटायला जागाच मिळत नाही, आणि मग 'फट्' करून जो उडतो तो थेंब हातावर पडला तर कातडी घेऊन निघतो. गुळव्याच्या हातावर असे पांढरे डाग असतातच. लाव्हाचंही हेच आहे. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, कमी असेल तर तो काकवीसारखा पसरतो, वायू सहज सुटतात. सिलिका वाढली की तो घट्ट होतो आणि वायू आत कोंडतात.

आपला दख्खनचा लाव्हा काकवीच्या जातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला. आज उरलेला भाग मोजला तरी पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड तो, आज्जीचा पाटा-वरवंटा तो, जोतिबाचा डोंगर तो. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला त्याच दगडाचे पैलूदार खांब उभे आहेत, कुणी घडवून रचून ठेवल्यासारखे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि तडकला, म्हणून झालेले. मी बी.एस्सी.ला असताना तिथं पहिल्यांदा हात लावला आणि याच विषयात राहायचं ठरवलं. (पुण्यात वर्गमैत्रिणीला हे सांगताना मी 'तिथं गेलो आणि बघतच बसलो' म्हणाले. तिनं आधी 'गेलो' दुरुस्त केलं, मग खांबांविषयी विचारलं. कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात याचं बाहेरच्यांना फार नवल. घरी आलो की मी अजून आलोच.)

मेरापीचा लाव्हा मात्र गुळाकडं झुकलेला. तो वाहत जात नाही, शिखरावरच ढेकळासारखा साचत राहतो. त्याचा घुमट होतो. घुमट वाढत वाढत कडेवर येतो आणि कोसळतो. कोसळला की तापलेले दगड, राख आणि वायू यांचा लोट उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं खाली येतो, काही शे अंश तापलेला. या लोटाला पुस्तकात लांबलचक नाव आहे. मेरापीच्या उतारावरचे लोक त्याला म्हणतात 'वेधुस गेम्बेल'. म्हणजे कुरळ्या लोकरीचं मेंढरू.

हे आज्जाला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ गप्प होता. दिवाळीनंतर धनगरांचे कळप शेतात बसवायला येतात, तेव्हा बांधावरून उतरणारा कळप दुरून कसा दिसतो हे त्यानं सत्तर वर्षं बघितलंय. पांढरा-करडा, गुबगुबीत, एका अंगानं हलणारा, आणि आवाज नंतर येतो. "बरोबर नाव ठिवलंय," तो म्हणाला. "बघितलेल्या माणसानं ठिवलंय."

दुसरा धोका लाहारचा. हा शब्दही जावातला, आता जगभरच्या पुस्तकांत तसाच वापरतात. उतारावर राख आणि दगड पडून राहतात. वर पाऊस झाला की ते सगळं पाण्यात कालवलं जातं आणि ओल्या काँक्रीटसारखा लगदा नदीच्या पात्रातून सुटतो. घराएवढे धोंडे वाहून आणतो. उद्रेक थांबून वर्ष झालं तरी येतो, कारण त्याला आग लागत नाही, फक्त पाऊस लागतो. मला चिखलीत बसून हे सांगायचं होतं, चिखली नावाच्या गावात, त्यामुळं समजवायला फार वेळ लागला नाही.

लाहारचं नाव निघालं की भूविज्ञानाच्या प्रत्येक वर्गात आर्मेरोचं नाव निघतं. कोलंबियातलं शहर. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास नेवादो देल रुईस उसळला, शिखरावरचं बर्फ वितळलं आणि सुमारे अडीच तासांनी चिखलाची लाट शहरावर आली. २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. धोक्याचा नकाशा आदल्याच महिन्यात तयार झाला होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. अडीच तासांत माणूस चालत शेजारच्या टेकडीवर जाऊन परत येऊ शकतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. कुणाचा, ते नीट ठरवता आलं नव्हतं.

आता पायऱ्यांविषयी. इंडोनेशियात ज्वालामुखीला चार पायऱ्या आहेत. पहिली 'नॉर्मल', दुसरी 'वास्पादा', तिसरी 'सियागा'. चौथी, सगळ्यांत वरची, जिचा अर्थ 'सावधान, निघा', तिचं नाव 'आवास'. हे वाचून मी एकटीच हसले. आपल्याकडं आवास म्हणजे घरकुल. योजनेत नाव लागलं तर मिळणारं. तिकडं आवास म्हटलं की घर सोडायचं.

२०१० साली मेरापीनं या पायऱ्या भराभर चढल्या. २० सप्टेंबरला वास्पादा, २१ ऑक्टोबरला सियागा, २५ ऑक्टोबरला आवास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्रेक. ५ नोव्हेंबरला सगळ्यांत मोठा, तेव्हा रिकाम्या करायच्या पट्ट्याची हद्द शिखरापासून २० किलोमीटरपर्यंत नेली. साडेतीनशेहून जास्त माणसं गेली आणि लाखो बाहेर निघाली. वेळेवर हलवल्यामुळं दहा ते वीस हजार जीव वाचले असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्या विषयात ही यशाची गोष्ट म्हणून शिकवतात आणि ती आहेच.

पण या गोष्टीत एक म्हातारा आहे. म्बाह मारिजान. 'म्बाह' म्हणजे आजोबा. योग्याकार्ताच्या सुलतानानं मेरापीचा राखणदार म्हणून नेमलेला माणूस. त्याच्या आधी हे काम त्याच्या वडिलांकडं होतं. राजवाड्याकडून डोंगराला दरवर्षी जो नजराणा जातो तो वर घेऊन जायचं त्याचं काम. २००६ मध्ये डोंगर उठला तेव्हा सगळ्यांनी सांगूनही तो खाली आला नाही आणि वाचला. त्यानंतर देशभर त्याचं नाव झालं, ताकदीच्या पेयाच्या जाहिरातीतसुद्धा झळकला. २०१० मध्येही तो खाली आला नाही. २६ ऑक्टोबरला वेधुस गेम्बेल त्याच्या गावावरून गेलं. त्याच्याबरोबर गावातले आणखीही गेले, त्याला न्यायला आलेलेही.

मेरापीवर माणसं का थांबतात याची यादी आमच्या पुस्तकांत असते. श्रद्धा. सूचनेवरचा अविश्वास. आणि जनावरं. उतारावर घरोघरी गाई आहेत. २०१० मध्ये खालच्या छावणीत गेलेली माणसं सकाळी चारा-पाणी करायला वर जायची. पहिल्या सत्रात मी यावर वीस पानांचा निबंध लिहिला होता आणि त्यात 'जोखमीची अपुरी जाणीव' असं एक छान वाक्य होतं. मला त्यावर चांगले गुण मिळाले.

तो निबंध लिहिताना मला चिखलीची आठवण कशी झाली नाही, याचं आता आश्चर्य वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी बारावीत होते. आम्ही राजारामपुरीत राहतो, तिथं पाणी येत नाही. खाली व्हीनस कॉर्नरला बोटी चालल्या होत्या, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, पेट्रोल नाही, दूध नाही. चिखलीला आज्जीला मामानं पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. आज्जा थांबला. "म्हशी बघून येतो," म्हणाला. मग त्याचा फोन बंद झाला. दोन दिवस आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. बसलेली मला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला बोटीतून आणलं, शेजाऱ्याच्या स्लॅबवरून. बोटीत जनावर घेत नाहीत. त्यानं पाचही म्हशींची दावी विळ्यानं कापून दिली होती. चार पुढं कुठं कुठं सापडल्या. एक सापडली नाही.

त्याला आम्ही सगळे खूप बोललो. मीही. 'तुम्हाला कळत कसं नाही' असं मी त्याला म्हटलं होतं, सतरा वर्षांची मी, सत्तरीपार माणसाला. तो टॉवेल गुंडाळून बसला होता. पाण्यानं त्याच्या पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. त्यानं फक्त त्या बोटांकडं बघितलं.

२०२१ ला पाणी अजून वर आलं, पण आज्जा त्या वेळी पातळी ४० फुटांवर जायच्या आधीच म्हशी घेऊन सोनतळीला निघून गेला होता. सोनतळी उंचावर आहे, चिखलीच्या लोकांना पुनर्वसनाचे प्लॉट तिथं दिलेत. 'म्हातारा शहाणा झाला,' असं मामा म्हणाला आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं.

गेल्या रविवारी मी परत चिखलीला गेले होते. जायच्या आधी प्रश्नावली घरच्या कुणावर तरी चालवून बघ, असं सरांनी सांगितलं होतं. मूळ प्रश्न इंग्रजीत, तिकडं ते इंडोनेशियन भाषेत विचारणार. मी सरावासाठी मराठी केले, 'ज्वालामुखी'च्या जागी 'पूर' घातलं आणि आज्जाला अंगणात खुर्चीवर बसवलं. तो दाढी करून बसला होता. सरकारी माणूस येणार असल्यासारखा.

नाव, वय, शिक्षण झालं. प्रश्न नववा: सूचना मिळाली होती का?

"व्हय."

"कुणाकडून?" यात पर्याय होते. ग्रामपंचायत, टीव्ही, मोबाइल, शेजारी.

"नदीकडनं," आज्जा म्हणाला. मग एकेक सांगायला लागला. विहिरीचं पाणी पाऊस नसतानाही चढलं होतं. बांधावरचे उंदीर घराकडं आले होते. पाण्याचा रंग बदलला होता आणि आवाज बंद झाला होता. "पाणी वाढतंय तवर वाजतंय. वाजायचं थांबलं की समजायचं, आता मागनं रेटा हाय." मी 'इतर' या चौकटीत बारीक अक्षरात लिहीत गेले. चौकट संपली, समासात गेले.

प्रश्न अकरावा: सूचनेवर किती विश्वास होता? अजिबात नाही, थोडा, बऱ्यापैकी, पूर्ण.

"पूर्ण."

मी पेन थांबवलं. प्रश्नावलीत प्रत्येक उत्तरापुढं एक बाण असतो. 'पूर्ण' म्हटलं की बाण जातो बाराव्या प्रश्नावर: किती तासांत घर सोडलं? 'अजिबात नाही' म्हटलं की बाण जातो चौदाव्यावर: घर का सोडलं नाही? पूर्ण विश्वास होता आणि घर सोडलं नाही, अशा माणसासाठी कागदावर बाणच नव्हता. तो माणूस माझ्यासमोर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता.

मी तशीच चौदाव्यावर गेले. "घर का सोडलं नाही?"

आज्जानं अडकित्ता खाली ठेवला. "असं तिकडच्या म्हाताऱ्यास्नी इचारणार हैस?"

"हो."

"मग ते खोटं सांगतील तुला. ह्यो फौजदाराचा प्रश्न हाय. चूक केलीस, आता कारण सांग." थोडा वेळ गेला. "जनावरं किती हैत, ते आधी इचार. मग बाकीचं ते आपसूक सांगतील."

जनावरांचा प्रश्न होता. एकतिसावा. 'घरगुती मालमत्ता' या सदरात, टीव्ही, दुचाकी आणि फ्रिजच्या खाली.

"आणि एकवीस साली?" मी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता. "त्या वेळी लगेच निघालात ते?"

"तुझ्या मामानं सोनतळीच्या प्लॉटवर शेड मारलं होतं न्हवं, पत्र्याचं. गव्हाण बांधली, पाण्याला टाकी ठिवली." तो माझ्याकडं बघत होता, इतकं सोपं कसं कळत नाही असं. "जायाला जागा झाली. म्हणून गेलो."

आज्जी आतून चहा घेऊन आली. तिनं कागदावर नजर टाकली आणि समास भरलेला बघून म्हणाली, "एवढं काय लिव्हालीस?" मी काही बोलले नाही. एकतिसावा प्रश्न पेनानं खोडला आणि पहिल्या पानावर, नाव-वयाच्या खाली, तिसरा म्हणून लिहिला. 'आपल्याकडं जनावरं किती?' पुढं एक रेघ ओढली, आकडा लिहिता येईल एवढी.

"किती, आज्जा?"

"चंद्री, मोरी, रतन, बुरी," तो बोटं मोजत म्हणाला. "बुरीची पोर अजून बिननावाची हाय. आणि सोनी."

"सोनी कुठली? ती तर..."

"लिव्ह," आज्जा म्हणाला.

रेघ पुरली नाही. मी पान उलटून मागच्या बाजूला लिहिलं.